ईजीआर 'ब्लॉक' करणाऱ्यांना चार शब्द

मंडळी, "ईजीआर गेलाय, ब्लॉक करून टाकू" हे वाक्य ऐकलं की माझा पारा चढतो. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ईजीआर म्हणजे इंजिनाचा थोडा धूर परत इंजिनातच सोडणारी व्यवस्था.) गेलाय म्हणजे काय गेलंय? तपासलं कुणी?

भाच्याच्या २०१८ च्या डिझेल पिकअपला इंजिनाचा दिवा लागला. स्कॅनरवर आलं पी०४०१. गॅरेजवाल्याने लगेच दोन पर्याय मांडले, नवा व्हॉल्व्ह किंवा पत्र्याची प्लेट. अहो, पण पी०४०१ चा अर्थ 'व्हॉल्व्ह खराब' असा नाहीच! परत येणारा धूर हवा त्यापेक्षा कमी येतोय, एवढंच तो कोड सांगतो. का कमी येतोय, हे माणसाने शोधायचं. गणितात पायऱ्या न लिहिता नुसतं उत्तर ठोकणाऱ्याचे मी गुण कापत असे. (तेव्हाही पालक भांडायला यायचेच. असो.)

ह्या गाडीचा व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर उघडणारा. त्याची नळी काढून हातपंपाने व्हॅक्यूम द्यायचा. पंपाचा काटा टिकत नसेल तर आतला पडदा फाटलाय. काटा टिकतो पण दांडी हलत नाही, तर काजळीने जाम. दोन्ही ठीक असेल तर मग सोलेनॉइड, त्याची वायर, नळ्या आणि धुराचा पाइप बघायचा. आमच्याकडे निघाली काय, तर वळणावर चिरलेली रबरी नळी. ४० रुपये!

"काजळीने इंजिन घाण होतं, बंद केलेलं बरं" हे म्हणणं अगदीच खोटं नाही. काजळी आणि तेलाची वाफ मिळून इनटेकमध्ये डांबरासारखा थर बसतो, मान्य. मग तो काढा ना! ईजीआर कुणी हौसेने बसवलेला नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजन. सिलिंडरमध्ये उष्णता फार वाढली की त्याचे ऑक्साइड बनतात. थोडा धूर परत आत सोडला की ज्वलनाचं तापमान उतरतं आणि ते कमी बनतात. प्लेट ठोकली की ते सगळे रस्त्यावर, आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोन. दमेकऱ्याला विचारा.

यावर ठरलेलं उत्तर, "पण सर, पीयूसी पास होते की!" होणारच. डिझेल गाडीच्या पीयूसीत धूर किती दाट आहे तेवढंच बघतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. प्लेट ठोकल्यावर काळा धूर उलट कमीच दिसतो, त्यामुळे गाडी ताठ मानेने सर्टिफिकेट घेऊन जाते आणि मालक तेच माझ्या नाकासमोर नाचवतो.