अनुदान मिळते, घर मिळत नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांतील दिव्यांग लाभार्थींचे मासिक अनुदान १,५०० रुपयांवरून २,५०० रुपयांवर नेण्याचा निर्णय घेतला. या वाढीसाठी अपंगांच्या संघटनांनी मोर्चे काढले, उपोषणे केली. तेव्हा श्रेय द्यावयाचे तर आधी त्यांना दिले पाहिजे. परंतु या निर्णयाचे ढोल वाजवणाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. या अडीच हजारांत माणसाने खावे काय, औषध कोठून आणावे, आणि मुख्य म्हणजे राहावे कोठे? पहिल्या दोन प्रश्नांची थातुरमातुर का होईना, उत्तरे सरकारजवळ आहेत. रेशनचे धान्य आहे, सरकारी रुग्णालय आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सरकारने शोधलेलेच नाही.

योजनेच्या अटीच पाहाव्यात. अपंग अर्जदाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असले तरच तो पात्र ठरतो. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास मिळकत असलेले कुटुंब. असे कुटुंब मुंबई, ठाणे वा पुणे येथे स्वतःचा नळ आणि संडास असलेली तळमजल्याची खोली भाड्याने घेऊ शकत नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. थोडक्यात, अनुदान हवे असेल तर आपण भाडे भरू शकत नाही असा दाखला तहसीलदाराकडून आणावयाचा, आणि अनुदान मिळाल्यावर भाड्याच्या घरासाठी बाजारात उभे राहावयाचे. ज्याने गरिबीचा दाखला दिला तेच शासन त्या गरिबाला बाजाराच्या हवाली करते. याला कल्याणकारी राज्य म्हणावयाचे काय?

बाजारात काय घडते ते कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. दलालाला एक महिन्याचे भाडे द्यावयाचे, मालकाला अनामत मोजावयाची. ज्याच्या हाती महिनाअखेर शंभर रुपये उरत नाहीत त्याने हजारोंची रक्कम एकरकमी आणावयाची कोठून? ती कशीबशी जमली तरी खोली तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला उद्वाहन नाही. जुन्या चाळीत खोली मिळाली तर संडास सामाईक, गॅलरीच्या टोकाला, उंबरठ्यापलीकडे, आणि दार इतके अरुंद की चाकाची खुर्ची आत शिरत नाही. तळमजल्याची खोली निघालीच तर तिच्यावर दुकानदाराचा आणि शिकवणीवर्गवाल्याचा डोळा असतो; अनुदानावर जगणारा त्या लिलावात बोली लावू शकत नाही. एवढ्या सगळ्यातून एखादी खोली हाती लागली की मालक विचारतो, ‘उत्पन्नाचे साधन काय?’ अनुदान हे उत्तर ऐकल्यावर पुढचे बोलणे बहुधा होत नाही. अंध, कर्णबधिर वा मनोरुग्ण भाडेकरू म्हटले की शेजाऱ्यांची तक्रार येईल, आग लागेल, काही बरेवाईट झाले तर जबाबदारी कोणाची, असे आक्षेप निघतात. नकार क्वचितच लेखी असतो. खोली ‘कालच गेली’ असे सांगितले जाते.

यदाकदाचित घर मिळालेच तरी ते अकरा महिन्यांचे. धडधाकट माणसाला सामान हलवणे एवढाच त्याचा अर्थ. अपंगाला दर अकरा महिन्यांनी नवा उतरता रस्ता, न्हाणीघरात नवा आधारदांडा, मदतीला येणारी नवी बाई, ओळखीचा नवा रिक्षावाला असे सगळे आयुष्य पुन्हा मांडावे लागते. भिंतीला दांडा ठोकण्यास मालकाची परवानगी मिळत नाही ती गोष्ट वेगळीच. पुष्कळदा करार लेखी नसतोच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ नुसार करार लेखी करणे व नोंदवणे सक्तीचे आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी झाली नसेल तर करारातील अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरावे असेही कलम सांगते. किती भाडेकरूंना हे माहीत आहे? नोंद नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पत्ता नाही म्हणून दाखले अडतात, आणि दाखल्यांवाचून अनुदान अडते. घराचा प्रश्न अशा रीतीने फिरून पोटाच्या प्रश्नावर येतो.

कायदा नाही असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ५ ने अपंगास समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. कलम ३७ ने घरवाटपाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण दिले आहे. परंतु खासगी मालकाने अपंगाला भाड्याने घर नाकारले तर काय, याविषयी या कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही. कलम २४ नुसार सामाजिक सुरक्षा द्यावयाची, पण ती सरकारच्या ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’. कारखानदारांना सवलती देताना ही मर्यादा कोणाला आठवत नाही. पाच टक्के आरक्षणाची घरेही मुख्यतः विकत घेण्याची. सोडतीत नाव लागले तरी कर्ज कोणती बँक देणार? २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला. २०२२ साली महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र खाते काढले. शब्द आला, खाते आले; जिन्याची पायरी होती तेथेच राहिली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: अपंगांचा सांभाळ हे कुटुंबाचे कर्तव्य, आपली संस्कृती तेच सांगते. संस्कृतीचा हा दाखला देणाऱ्यांनी अशा घरात काही दिवस राहून पाहावे. दहा बाय बाराच्या खोलीत भावाच्या संसारात, भावजयीच्या कष्टांवर, ‘याचे अनुदान येते ना?’ या हिशेबाखाली दिवस काढणाऱ्या प्रौढ माणसाची अवस्था काय होते? आणि अपंग स्त्रीची? घरात मारहाण झाली तरी तिला निघून जाण्यास दुसरे दार नसते. म्हाताऱ्या आईबापांच्या माघारी काय, हा प्रश्न तर त्यांना रात्री झोपू देत नाही. कुटुंबाचे प्रेम ही मोलाची गोष्ट आहे, पण प्रेमाला पर्याय उरला नाही की त्याची कैद होते. सुटा माणूस म्हणून जगण्याचा हक्क ज्याला नाही तो अर्धाच नागरिक होय.

दुसरा आक्षेप अधिक शहाणा वाटतो: अनुदान आणखी वाढवा, म्हणजे बाजार घर देईल. अनुदान वाढलेच पाहिजे यात वाद नाही. परंतु केवळ रोख पैशाने घर मिळते काय, याचा धडा ब्रिटनने दिला आहे. तेथे नगरपालिकांनी बांधलेली भाड्याची लाखो घरे होती. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने ती भाडेकरूंना सवलतीत विकण्यास काढली; नवी फारशी बांधली नाहीत. मग गरीब व अपंग भाडेकरूंना खासगी मालकांकडे पाठवून सरकार त्यांच्या भाड्याला मदत देऊ लागले. या मदतीची कमाल मर्यादा २०१६ ते २०२० गोठवली गेली. भाडी मात्र गोठली नाहीत. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांनी चौकशी करू नये अशा जाहिराती मालक उघड देत. जुलै २०२० मध्ये यॉर्क येथील न्यायालयाने असा सरसकट नकार बेकायदा ठरवला, कारण त्याचा फटका स्त्रियांना आणि अपंगांना अधिक बसतो. असा भेदभाव थेट रोखणारी तरतूद इंग्लंडमध्ये २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने केली. तेथील अनुदान आपल्याकडील अनुदानाच्या कितीतरी पट, तरी ही गत. सार्वजनिक मालकीची घरे नसतील तर वाढवलेले अनुदान मालकाच्या खिशात जाते आणि दाराबाहेरचा माणूस दाराबाहेरच राहतो.

सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे हे महाराष्ट्रास नवे नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात परकीय सरकारने बांधल्या. स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाने औद्योगिक कामगारांसाठी भाड्याच्या वसाहती उभारल्या. पुढे सरकारने ‘प्रत्येकाचे मालकीचे घर’ ही घोषणा धरली आणि भाड्याचे घर टाकून दिले. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने १६० चौरस फुटांच्या भाडेघरांची योजना आणली, ती काही वर्षांतच विक्रीच्या घरांकडे वळवण्यात आली. २०२० साली केंद्राने सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली घरे भाड्याने देण्याची योजना जाहीर केली. म्हणजे घरे बांधून रिकामी पडली होती, हे सरकारनेच मान्य केले. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. त्याच जनगणनेत अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती. घरांचा तुटवडा आहे असे म्हणणे अर्धसत्य आहे. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी तुटवडा आहे.

तेव्हा मागणी नेमकी केली पाहिजे. राज्य व नगरपालिकांच्या प्रत्येक गृहयोजनेत काही घरे कायम सार्वजनिक मालकीची ठेवावीत, ती भाड्यानेच द्यावीत, आणि त्यांतील तळमजल्याची वा उद्वाहन असलेली घरे अपंगांना प्रथम मिळावीत. भाडे बाजारभावाने न ठरवता अनुदानाच्या ठरावीक हिश्श्यात बसवावे. खासगी घर घ्यावे लागलेच तर अनामतीची हमी नगरपालिकेने घ्यावी. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी अपंगांसाठी राखावा असा शासनाचा आदेश आहेच, तो निधी साहित्यवाटपाच्या समारंभांत न उधळता येथे लावावा. अपंगत्व किंवा अनुदान या कारणाने घर नाकारणे हा गुन्हा ठरावा. आधारदांडा, उतरता रस्ता यांसारखे बदल करण्याचा भाडेकरूस हक्क असावा.

घरमालकाला खलनायक ठरवून यातील काही साधणार नाही. एकच खोली भाड्याने देऊन पोट भरणारी विधवाही मालकच असते, आणि तिची धास्ती खोटी नसते. राज्याने झटकलेली जबाबदारी तिने का उचलावी? दोष धोरणाचा आहे. लढा धोरणाशी आहे.

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न कल्याण खात्याच्या कोपऱ्यातून उचलून घराच्या लढ्यात आणला पाहिजे. झोपडपट्टीच्या, चाळींच्या आणि भाडेकरूंच्या मोर्चात अपंग आजवर मागच्या रांगेत, पुष्कळदा घरीच राहिले. कारण सभेच्या जागेलाही पायऱ्याच होत्या. प्रत्येक वॉर्डात नगरपालिकेच्या व म्हाडाच्या किती खोल्या कुलूपबंद आहेत याची यादी करावी. ५ टक्के निधी कोठे खर्च झाला याचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागावा. तोंडी करारावर राहणाऱ्या अपंग भाडेकरूंना कलम ५५ समजावून द्यावे आणि नोंदणी करून घेण्यास मदत करावी. ही कामे उद्या सकाळी सुरू करता येतात. त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.