पन्नास रुपयांचा बैल

वसुबारसेला गायवासराची पूजा करून आपली दिवाळी सुरू होते. घरोघरच्या माउल्या त्या दिवशी दूधतूप वर्ज्य करून बाजरीची भाकरी व गवारीची भाजी खातात. व्रत उत्तमच आहे. आमची तक्रार एवढीच, की त्यातली दया दुसऱ्या दिवशी उरत नाही.

प्राण्यांच्या छळाला आळा घालणारा कायदा 1960 साली झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी हा विषय राज्यसभेत धसास लावला होता. परंतु जनावराला झोडपले, त्याच्यावर बेसुमार ओझे लादले, तर पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये! त्या काळी पन्नास रुपये खिशाला चटका लावीत. पुढे साठ वर्षे लोटली, मीठमिरचीसुद्धा महागली. हा आकडा मात्र तसाच राहिला.

आता दुसरा आकडा पाहा. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. त्या पुन्हा सुरू करण्यासाठी महाराष्ट्राने 2017 साली कायदा बदलला, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो ग्राह्य धरला. त्यात शर्यतीत बैलाला यातना दिल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. ठीक! पण मग ओझ्याच्या गाडीला जुंपलेल्या बैलाला पाठ नाही काय? शर्यतीतल्या वेदनेला पाच लाख आणि पोटासाठी राबणाऱ्याच्या वेदनेला पन्नास रुपये, हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, "मास्तर, ट्रॅक्टर आले, आता बैल राहिलेत किती?" थोडे राहिले म्हणून त्यांचे हाल माफ होतात काय? 1965 चे नियम स्पष्ट आहेत: दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांहून अधिक नको, पारा 37 अंशांवर गेला की दुपारी बारा ते तीन जुंपणे नको, पराणीला अणकुचीदार आर नको. नाशिककडचा वैशाख आठवा आणि सांगा, यातला एक तरी नियम गाडीवानाच्या कानावर कोणी घातला आहे? तो बिचारा स्वतःच पोटासाठी राबतो. जाब विचारायचा तो गाडीत बेसुमार माल भरणाऱ्या धन्याला.

आमच्या एकलहऱ्यात कोळशापासून वीज तयार होते. विहिरीवरच्या मोटारीचे बळ आपण आजही अश्वशक्तीतच मोजतो. ती मोटार तापली तर शेतकरी तत्काळ बंद करतो, कारण जळाली तर पैसे पडतात. बैल तापला तर मात्र पराणी टोचतो!

तेव्हा दंड वाढवा. हे नियम ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि बाजार समितीच्या फाटकावर ठळक रंगवा. आणि वाचकहो, तोवर आपल्या अंगणात एवढे कराच: कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधणाऱ्या पोराचा हात धरा. शर्यत आणि ओझे दूरच्या गोष्टी असतील. तो हात तर आपल्या घरातला आहे!