वाळूत गाडी का तापते?

मुलांनो,

नदीच्या वाळूत धावण्याची शर्यत तुम्ही कधी लावली आहे का? सडकेवर सुसाट पळणारा गडी वाळूत चार पावलांत धापा टाकू लागतो. पाय आत रुततो, तो उपसायला जोर लागतो आणि अंतर मात्र कापले जात नाही. गाडीचेही अगदी तसेच होते बरं का!

आमचे मुक्ताईनगर जळगाव जिल्ह्यात. इथून जवळच, चांगदेवला, पूर्णा नदी तापीला मिळते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की नदीकाठची वाळू उघडी पडते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी एखादी जीप किंवा ट्रॅक्टर वाळूत उतरला, की थोड्याच वेळात बॉनेटमधून वाफा निघू शकतात. सडकेवर तासन्‌तास गुमान चालणारी गाडी इथेच का तापावी?

त्याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे, वाळूत चाक खाली रुतते. पुढची वाळू त्याला सारखी चढावी लागते. सपाट जागेवरही गाडी जणू चढणच चढत असते! म्हणून इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो आणि जास्त उष्णता निर्माण होते. दुसरे कारण वाऱ्याचे. इंजिनाभोवती फिरणारे पाणी तिथली उष्णता घेते आणि पुढच्या रेडिएटरमध्ये येते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांवरून वारा वाहतो, पाणी निवते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. पण वाळूत गाडी बैलगाडीच्या चालीने चालते. समोरून वारा मिळणार कुठून? त्यातून वारा पाठीमागून येत असेल, तर विचारूच नका. म्हणजे उष्णता वाढली आणि ती बाहेर टाकायची वाट अडली. मग गाडी तापणार नाही तर काय होईल?

आता तुम्हाला एका हुशार माणसाची गोष्ट सांगते. राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी. १९२० नंतरच्या दशकात इजिप्तमध्ये असताना सुट्टी मिळाली, की तो मित्रांबरोबर फोर्ड मोटारी घेऊन वाळवंटात भटकायला जाई. तिथे रेडिएटरमधले पाणी उकळून वाफ होई आणि वाफ उडून जाई. रोज नवे पाणी ओतायचे, तर प्यायला काय उरणार? बॅगनॉल्डने वाफ बाहेर सोडणारी नळी बंद केली. रेडिएटरच्या वरून एक नवी नळी काढून ती गाडीच्या बाजूला बांधलेल्या डब्यात सोडली. डबा पाण्याने अर्धा भरलेला. वाफ त्या पाण्यात शिरली की तिचे पुन्हा पाणी होई. डबाही उकळू लागला, की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची आणि मिनिटभर थांबायचे. रेडिएटर निवला की गुडगुड आवाज होई आणि डब्यातले पाणी आपोआप परत आत ओढले जाई! पुढे १९४० साली त्याने वाळवंटात लढणारे एक खास दल उभारले, तेव्हा त्या दलाच्या गाड्यांनाही असेच डबे होते. आज आपल्या मोटारीच्या बॉनेटखाली प्लॅस्टिकची पाण्याची टाकी दिसते ना? तिचे कामही असेच, बाहेर आलेले पाणी जपून ठेवायचे आणि परत द्यायचे.

वाळूत जायचेच असेल, तर बाबांना, काकांना या गोष्टींची आठवण द्या. सकाळी इंजिन थंड असताना पाणी आणि पंख्याचा पट्टा तपासायचा. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा, धूळ, पालापाचोळा काढायचा. वाळूत उतरण्याआधी टायरमधली हवा थोडी कमी करायची. उंटाच्या पसरट पायासारखा टायर पसरतो आणि कमी रुततो. मात्र सडकेला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरायचीच. चाक जागच्या जागी फिरू लागले, तर अॅक्सिलरेटर दाबायचा नाही. त्याने खड्डाच खोल होतो. पुढची वाळू फावड्याने सारायची.

तापमानाचा काटा वर चढू लागला, की एसी बंद करायचा, गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची आणि इंजिन हळू चालू ठेवायचे. म्हणजे पंखा आणि पाणी फिरत राहते. पण वाफा येऊ लागल्या किंवा पाणी सांडून गेले असेल, तर इंजिन लगेच बंद करायचे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचे नाही, धातूला तडा जातो.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे, आई-बाबांनीही वाचावे असे. मदत करायच्या हौसेने रेडिएटरचे झाकण उघडायला कधीही धावू नका! आतले पाणी प्रेशर कुकरसारखे कोंडलेले असते. दाबामुळे ते १०० अंशांवर गेले तरी उकळत नाही. झाकण सैल झाले, की दाब उतरतो, पाणी एकदम उकळते आणि कारंज्यासारखे तोंडावर, हातांवर उडते. ते फार वाईट भाजते. इंजिन पूर्ण निवेपर्यंत झाकणाला मोठ्यांनीही हात लावू नये. आणि रेडिएटरमध्ये घालतात ते रंगीत कूलंट सहसा विषारी असते, चव गोडसर असली तरी. ते अंगणात सांडू देऊ नका. कुत्रे-गुरे चाटतात.

करून पाहा : बॅगनॉल्डच्या डब्यातले पाणी परत का जाई? प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीत आईकडून थोडे गरम पाणी घालून घ्या. जरा हलवून ओतून टाका आणि झाकण लगेच घट्ट लावा. आता बाटलीवर गार पाणी सोडा. बाटलीचे गाल आत जातील! आतली वाफ आणि हवा निवून आकसली, जागा रिकामी झाली, म्हणून बाहेरच्या हवेने बाटली दाबली. रेडिएटरमध्ये हेच घडे, फक्त ती जागा भरायला डब्यातले पाणी धावत येई.

बॅगनॉल्डच्या त्या युक्तीत एक नळी, एक डबा आणि मिनिटभराचा धीर, एवढेच होते. नळी आणि डबा आता गाडीबरोबरच मिळतात. धीर मात्र आपल्यालाच घरून न्यावा लागतो.

तुमची,
बाई