गुडघ्याला गारवा, पण घड्याळ लावून

गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी आला की आजीबाई आधी वीट तापवायला घेतात. मायेनंच घेतात, पण ताज्या गुडघ्याला शेक देऊ नका, तेलानं चोळूही नका. सूज वाढते. तिथं गारवाच हवा. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, ठणका उतरतो.

काही डॉक्टर थंड पाण्याचं यंत्र घ्यायला सांगतात. डब्यात बर्फाचं पाणी, ते नळीवाटे गुडघ्याभोवतीच्या पट्ट्यात फिरतं. सोयीचं खरं, पण नसलं म्हणून अडत नाही. पिशवीत बर्फाचा चुरा घालून तोंड घट्ट बांधा. मधे सुती कापडाची घडी हवीच. १५ ते २० मिनिटं झाली की काढा, पुन्हा दोनेक तासांनी. यंत्राची वेळ डॉक्टरांकडून लिहून घ्या. लावून झोपी जाऊ नका. बधिर कातडीला गारव्याचा चटका कळत नाही, फोड येतात. मधुमेह असलेल्यांनी तर आधी विचारावंच. जखमेची पट्टी भिजू देऊ नका.

पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून पू दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच १०८ ला फोन करा.