शिकलगाराच्या हातचा तंबोरा

इ. स. १८१८च्या मे महिन्यात रायगड इंग्रजांच्या हाती गेला. महाड-पोलादपूरच्या घराघरांत ही गोष्ट पराभवाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. परंतु राज्य गेले तेव्हा केवळ गड गेले नाहीत. तलवारी घडविणारे, त्यांना धार लावणारे, खोगीर शिवणारे अशा असंख्य हातांचे काम गेले. त्या हातांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

मिरजेत त्याचे एक उत्तर मिळते. तेथील फरीदसाहेब शिकलगार यांच्या घराण्याने शस्त्रांचे काम मावळताना पाहिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्यांची दुरुस्ती व घडण हाती घेतली. पटवर्धन संस्थानिकांचा कलेला आश्रय होता. शिकलगारांचे सतारमेकर झाले, पुढे एका घराची विद्या साऱ्या गल्लीची झाली. अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाल्यावर तर गवई आणि कारागीर यांचे नाते अधिकच दृढ झाले.

या कामात घाई चालत नाही. कडू भोपळा सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूरच्या परिसरातून येतो. तो पूर्ण वाळला पाहिजे. त्यावर तुणीच्या लाकडाची दांडी व तबकडी बसते. खरी परीक्षा जवारीची. घोडीचा माथा कानसेने कणाकणाने घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. धार लावणाऱ्याचा हात येथे कानाच्या आज्ञेत वागतो. ही विद्या कोणत्याही पुस्तकातून येत नाही. मुलगा बापाशेजारी बसतो तेव्हाच येते.

आणि मुलगा आता बसेनासा झाला आहे, हीच खरी चिंता. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद आहेच. परंतु मानांकनाने नक्कल रोखता येईल. गिऱ्हाईक आणता येणार नाही. विजेवरचा तंबोरा स्वस्त, न बिघडणारा, पिशवीत मावणारा. (रियाजाला तो सोयीचा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही.)

तथापि महाड-पोलादपूरच्या आपल्या मंडळांनी उत्सवातील ध्वनिक्षेपकाचा एका वर्षाचा खर्च एकदा मांडून पाहावा. त्यातील काही भाग बाजूला काढून तालुक्याच्या एखाद्या शाळेसाठी मिरजेला एक तंबोरा सांगावा, आणि तो आणावयास गाणे शिकणाऱ्या दोन मुलांनाही सोबत न्यावे.