गाठ, सुई आणि पंगतीतले डॉक्टर

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितेय. परवा इथेच पनवेलला एका मुंजीला गेले होते. पंगतीत शेजारी नात्यातल्याच एक बाई सुनेला सांगत होत्या, "गळ्याची गाठ ना? सुई टोचून घेऊ नकोस हं. डिवचली की पसरते." माझी जिलबी ताटातच राहिली.

हेच वाक्य माझ्या धाकट्या जावेला आमच्याच माणसांनी ऐकवलं होतं. (मीही तेव्हा गप्प बसले, हे कबूल करते.) रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सगळे निर्धास्त. दोन वर्षं काढे न् लेप झाले. मग कळलं की तो पॅपिलरी कॅन्सर आहे आणि मानेतल्या गाठींपर्यंत पोचलाय. मोठं ऑपरेशन, मग किरणोत्सारी आयोडीन. आज ती रोज वडाळे तलावाला फेऱ्या मारते, पण व्रण पदराखाली झाकून.

टीएसएचवरून ग्रंथी काम कसं करते ते कळतं. गाठ साधी की कॅन्सरची, हे त्यावरून ठरवणं म्हणजे हजेरीपट बघून मार्क सांगण्यासारखं. "दुखत नाही ना, मग साधी" हेही तसंच. थायरॉइडचा कॅन्सर बहुधा दुखतच नाही. सोनोग्राफीत गाठ काळपट, कडा वेड्यावाकड्या, आत कॅल्शियमचे बारीक ठिपके, रुंदीपेक्षा उंची जास्त, असं दिसलं की संशय घ्यायचा. मग सुई. ती इंजेक्शनच्या सुईएवढीच बारीक असते, आणि तिच्यामुळे कॅन्सर पसरल्याची उदाहरणं अगदी विरळा. बहुतेक गाठी साध्याच निघतात, हे सांगायला मात्र पंगतीत कुणाला सुचत नाही.

सुईलाही सगळं कळत नाही, हे मान्य. रिपोर्टचे बेथेस्डा पद्धतीने सहा वर्ग असतात. दुसरा म्हणजे साधी, सहावा म्हणजे कॅन्सर. गोची होते चौथ्यात. फॉलिक्युलर गाठीच्या पेशी साध्या असोत की कॅन्सरच्या, सुईत सारख्याच दिसतात. त्या गाठीचं वेष्टन फोडून किंवा रक्तवाहिनीत शिरून बसल्यात का, हे अख्खी गाठ काढून तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून बरेचदा अर्धी ग्रंथी काढतात. ती साधी निघाली की आपले लोक म्हणतात, "बघा, उगाच कापलं!" अहो, ते कापणं हीच तपासणी होती!

उलट टोकाचेही आहेत. भाच्याच्या बायकोला हेल्थ चेकअपच्या पॅकेजात सहा मिलिमीटरची गाठ सापडली, तर एका डॉक्टरांनी सुईआधीच अख्खी ग्रंथी काढायचा सल्ला दिला! दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफ्या सुरू झाल्या आणि १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान पंधरापट झालं. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. २०१६ साली तर डॉक्टरांनीच एका सौम्य प्रकाराच्या नावातून कॅन्सर हा शब्द काढून टाकला. घाबरवून कापणारे आणि घाबरून लपवणारे, दोघांवरही माझा सारखाच राग आहे.

असो. त्या सुनेची गाठ तीन सेंटिमीटरची आहे. सोमवारी सुईसाठी मी तिच्याबरोबर जाणार आहे. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीयेत. न बोलोत.