मैदान कुणाचं?

पटांगणावर जात नसते, शिट्टी वाजली की सगळे सारखे, असं पीटीचे सर सांगतात. दोस्तांनो, ही थाप आहे. शारीरिक शिक्षणाचा इतिहास उघडा, पहिल्याच पानावर वाटणी दिसेल. राज्य करणाऱ्यांच्या पोरांना खेळ, राबणाऱ्यांच्या पोरांना कवायत!

इंग्लंडात ईटन, हॅरो, रग्बी या बड्यांच्या शाळा. तिथं क्रिकेट, फुटबॉल. पोरांनीच संघ निवडायचा, कप्तान व्हायचं, हुकूम सोडायला शिकायचं. 1870 च्या कायद्यानं कामगारांची पोरं शाळेत आली. त्यांना काय मिळालं? 1871 पासून सरकारी नियमांत लष्करी कवायत. सावधान! विश्राम! बोअर युद्धाच्या भरतीत गरिबांची पोरं खंगलेली निघाली, तेव्हा 1902 साली लष्करी धर्तीचा अभ्यासक्रमच या शाळांवर लादला. पोराच्या रिकाम्या पोटाआधी बंदुकीला कमी पडणारे हात दिसले. सांघिक खेळांना या शाळांच्या वेळापत्रकात जागा मिळाली ती 1906 साली.

साहेबानं हीच वाटणी इथं आणली. संस्थानिकांच्या पोरांसाठी 1870 साली राजकोटला राजकुमार कॉलेज निघालं. रणजितसिंह तिथलाच. आणि आपण? आपल्या बापजाद्यांना शाळेचा उंबरठाच बंद, मग मैदान कुठलं?

पालवणकर बाळू चांभाराचा पोर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखायचा. नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकून टाकून तयार झाला. बॅट त्याच्या हाती कुणी दिली नाही. पुढं हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, तेव्हा बाळू लागला. त्यानं टाकलेला चेंडू सवर्णांना चालला. चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे. हे कसलं धर्मशास्त्र?

1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं 114 बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचा कप्तान त्याला कधी केलं नाही. राबायला बाळू, हुकूम द्यायला दुसरा. 1920 साली कप्तानीत डावललं म्हणून त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. 1923 साली विठ्ठल कप्तान झाला आणि स्पर्धा जिंकून दाखवली. ही कप्तानी कुणी दान दिलेली नव्हती. भांडून घेतलेली होती.

म्हणून आज कुणी आपल्या पोरांना रांगेत उभं करून हात वर-खाली करायला लावलं आणि त्यालाच खेळाचा तास म्हटलं, तर गप्प बसू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य लिहिलंय. आपापल्या वस्तीतल्या शाळेत जा. मैदान आहे का, बघा. चेंडू कपाटात कुलूपबंद आहे का, विचारा. संघ कोण निवडतं, कप्तान कोण ठरवतं, झाडू कुणाच्या हातात देतात, सगळं लिहून काढा आणि मुख्याध्यापकाच्या टेबलावर ठेवा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

कवायत पुष्कळ झाली. आता मैदान पाहिजे. आणि मैदानावर कप्तानी पाहिजे!